आधीचाच फोटो

बेबीच्या ऑफिसात साहेबांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'छोटंसंच' म्हणायचे. साहेब कुठलंही काम घेऊन आले की आधी टेबलाच्या कडेला टेकायचे, पेन दोन बोटांत फिरवायचे आणि म्हणायचे, छोटंसंच काम आहे. अशा छोट्याशा कामांनी बेबीची उमेदीची वर्षं खाऊन टाकली होती. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. घरात मात्र ती जन्मापासून बेबी, आणि आता केसांत पांढरं दिसायला लागलं तरी आईबाबांच्या तोंडून ते नाव सुटलं नव्हतं.

कंपनी लहान, ॲप एकच. लवकर न भरणाऱ्या जखमांचा एक दवाखाना होता, त्याच्यासाठी ते बनवलेलं. पेशंटने घरच्या घरी जखमेचा फोटो काढून ॲपमधून पाठवायचा, दवाखान्यातली सिस्टर तो बघून खाली दोन ओळी लिहायची. ड्रेसिंग असंच चालू ठेवा, किंवा उद्या दाखवायला या. म्हाताऱ्या माणसांची ये-जा वाचावी, एवढाच हेतू. कल्पना चांगली होती, आणि चांगल्या कल्पना जिथे अडतात तिथेच ती अडली होती, म्हणजे वापरणाऱ्या माणसांपाशी. फोटो ॲपच्या आतल्याच कॅमेऱ्याने काढायचा अशी अट होती. तसं कोणी करत नसे. लोक आपल्या ओळखीच्या कॅमेऱ्याने फोटो काढत, मुलाला पाठवत, मुलगा सुनेला पाठवी, आणि मग घरातलं कोणीतरी दवाखान्याला फोन करून विचारी की आता हा ॲपमध्ये घालायचा कसा.

तेव्हा या खेपेचं छोटंसंच काम असं होतं. फोनवर कुठेही फोटो उघडून 'शेअर' दाबलं की खाली ॲपची यादी येते. त्या यादीत आपलं ॲप दिसलं पाहिजे, आणि त्यावर बोट ठेवलं की फोटो आपल्याकडे आला पाहिजे. मध्ये प्रश्न नकोत, बटणं नकोत, लोक गोंधळतात. बोट ठेवलं, फोटो गेला, हिरवी खूण आली, संपलं.

बेबीने ते केलं. तपासणारा माणूस कंपनीने काटकसर म्हणून आधीच कमी केला होता, त्यामुळे लिहायचं तिनेच आणि तपासायचंही तिनेच. आपलाच पेपर आपणच तपासायचा, मग नापास कोण होतो. तिने खिडकीतल्या कुंडीचा फोटो शेअर केला. ॲपचा दवाखान्याच्या बाजूने दिसणारा पडदा संगणकावर उघडून बघितला तर कुंडी आली होती. कोडमध्ये थोडं बदललं, ॲप फोनवर पुन्हा चढवलं, पाण्याच्या बाटलीचा फोटो शेअर केला. बाटलीही आली. नवा कोड चढवला की फोनवरचं ॲप दर वेळी बंद होऊन नव्याने उघडतं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा वेगळा विचार करावा असं तिला वाटलंच नाही. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, त्यातलाच प्रकार. साहेब म्हणाले, बघ, छोटंसंच होतं की नाही. बेबी हसली, कारण न हसायलाही ताकद लागते.

या ॲपला बेबीच्या घरातूनच एक गिऱ्हाईक मिळालं होतं. तिचे बाबा शिंपी. आयुष्य पायमशीनवर गेलेलं. आता नवे कपडे कोणी शिवून घेत नव्हतं, पण उसवलेलं, आखूड करायचं, सैल करायचं, असं काहीबाही येत असे, आणि खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात मशीन खडखडत राही. मशीनला मोटर लावा म्हणून बेबीने एकदा मोटर विकतही आणून दिली. ती खोक्यातच राहिली. मोटरला टाका कळत नाही, पायाला कळतो, असं बाबांचं म्हणणं. पण गेल्या काही वर्षांत साखरेने त्या पायाला काहीच कळेनासं करून ठेवलं होतं. पॅडलच्या कडेवर घासून उजव्या चवड्याखाली, करंगळीच्या बाजूला, कातडं सोललं, ते बाबांना समजलंसुद्धा नाही. आईला समजलं, तेही फरशीवरचा ओला डाग पुसताना. डॉक्टर म्हणाले, जखम लहान आहे, पण अशा पायावर लक्ष ठेवा. दुर्लक्ष झालं तर पाऊल जातं.

पाऊल जातं, हे वाक्य आईने घट्ट धरून ठेवलं. ती फोटो काढायची तेही शिंप्याच्या बायकोला शोभेल असे. खिडकीपाशी स्टूल, स्टुलावर धुतलेली चिंधी, चिंधीवर पाय, आणि जखमेच्या शेजारी मोजायची टेप आडवी लावलेली. चिंधी रोज नवी, कारण कालची धुवायला पडलेली असायची, आणि त्या घरात चिंध्यांना काय तोटा.

नवी सोय सुरू झाली तेव्हा बेबी एक दिवस रजा काढून घरी गेली. बसचा प्रवास लांबचा, उतरली तेव्हाच ती अर्धी झाली होती. तिने आईला शेजारी बसवून शेअर कुठे, यादीतलं आपलं चिन्ह कुठे, हिरवी खूण कुठे, सगळं दाखवलं. आईने पहिला फोटो स्वतः पाठवला. निळ्या पट्ट्यांच्या चिंधीवरचा पाय, बाजूला टेप. हिरवी खूण आली. आईला एवढा आनंद झाला की तिने ती खूण बाबांनाही दाखवली. बाबा म्हणाले, "पोचला का माझा पाय? मग मी कशाला जाऊ?"

निघताना बेबीने एक गोष्ट बजावली. मागे एकदा ॲप बंद करायला गेलेली आई भलतंच काही दाबून बाहेर पडली होती, पासवर्ड हरवला होता, आणि तो परत मिळवताना फोनवर दोघींच्याही नाकी नऊ आले होते. तो ताप पुन्हा नको म्हणून बेबी म्हणाली, "ॲप बंद करायचं नाही. काही झालं तरी नाही. आहे तसं उघडं राहू दे."

आई म्हणाली, "नाही करणार." आणि आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

तरीही आई त्या त्या दिवशीचा फोटो बेबीलाही चॅटवर पाठवत राहिली. आधीपासूनची सवय. सिस्टरला एक, लेकीला एक. बेबीच्या फोनमध्ये जागा कमी पडायची, म्हणून तिने फोटो आपोआप उतरवून घेणं बंद करून ठेवलं होतं. आईचे फोटो धुरकट चौकोन होऊन यायचे, मध्ये खाली वळलेला बाण. बाण दाबला तर फोटो स्पष्ट व्हायचा. बेबी तो दाबत नसे. ती चौकोनाखाली 'छान' असं लिहायची आणि पुढच्या कामाला लागायची.

तिला वाईट म्हणू नये. ती दिवसभर परक्यांच्या जखमा बघत होती. कोणाची टाच, कोणाची पाठ, कोणाची नडगी. फोटो आडवा आला, फोटो अंधारात आला, फोटो दोनदा आला, अशा तक्रारी सोडवताना त्या सगळ्या जखमा तिच्या पडद्यावर मोठ्या होऊन उभ्या राहत. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडून आत गेली की ती चपलांसकट खुर्चीत बसून राही. त्यानंतर आपल्या बापाचा पाय बघायची ताकद तिच्यात उरत नसे. आणि सिस्टर बघत होतीच की. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

आईचा फोन आला तेव्हा बेबी मीटिंगमध्ये होती. भर दुपारी आई कधी फोन करत नसे, म्हणून ती उठून बाहेर जिन्यात आली.

"बेबी, वास येतोय," आई म्हणाली.

बेबीने विचारलं कसला, तर आई म्हणाली पायाचा. पट्टी सोडली की येतो. रंगही तिला बरा वाटत नव्हता. पण सिस्टर म्हणत होती जखम आहे तशीच आहे, चालू ठेवा. रोज तेच लिहीत होती. सिस्टरला जे दिसतंय ते आपल्याला दिसत नाही, का आपल्याला दिसतंय ते सिस्टरला दिसत नाही, हे काही आईला उमगत नव्हतं. बेबीला आतून मीटिंगमधले आवाज ऐकू येत होते. ती म्हणाली, आई, तिचं हेच काम आहे, तिला जास्त कळतं. तरी मी बघते. आई लगेच म्हणाली, बरं बरं, तू काम कर. आईला लेकीचा वेळ घ्यायची कायम भीती वाटायची.

'बघते' हे बेबी दिवसातून कितीदा म्हणायची याला गणती नव्हती, पण वासाचं तेवढं तिच्या डोक्यातून जाईना. मीटिंग संपल्यावर जागेवर येऊन तिने दवाखान्याच्या बाजूचा पडदा उघडला आणि बाबांची नोंद काढली. आजचा फोटो समोर आला. छोटी गुलाबी जखम, कडा स्वच्छ. तिच्या जिवात जीव आला. म्हाताऱ्या माणसांना काहीबाही वाटतं, असंही मनात येऊन गेलं. खात्री करावी म्हणून तिने कालचा उघडला. तीच गुलाबी जखम. परवाचा उघडला. तीच. बोट खाली खाली सरकत गेलं आणि अचानक थांबलं. प्रत्येक फोटोत पायाखाली निळ्या पट्ट्यांची तीच चिंधी होती. चुणीसुद्धा तीच, टेपेचं टोक तिथेच दुमडलेलं.

आई एक चिंधी दोन दिवस वापरत नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक बेबी होती.

तिने आपला फोन काढला. चॅटमध्ये धुरकट चौकोनांची रांग होती आणि प्रत्येक चौकोनाखाली तिचंच 'छान'. तिने वरून सुरुवात केली. बाण दाबला. निळे पट्टे, गुलाबी जखम. पुढचा. हिरव्या चौकटींची चिंधी. पुढचा, बारीक फुलांची. पुढचा, पांढऱ्या अस्तराचा तुकडा, आणि त्यावर जखमेची कड करडी पडलेली, टेपेवर ती आता पुढे सरकलेली. पिवळी चिंधी. सुजलेला चवडा. तपकिरी चिंधी. शेवटच्या फोटोत आईने पुन्हा पांढरं कापड घेतलं होतं, रंग नीट दिसावा म्हणून घेतलं असणार, आणि त्यावर बाबांची करंगळी काळी पडली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. बेबीच्या काखेत तो कळसा रोज येऊन पडत होता, आणि तिने कधी हात लावून बघितला नव्हता.

चूक काय झाली हे तिला शोधावंही लागलं नाही. ॲप बंद असताना कोणी फोटो शेअर केला, की ॲप तो हातात घेऊनच उठतं. ॲप आधीच उघडं असेल, तर नवा फोटो दुसऱ्या दाराने येतो, आणि तिथे तो घ्यायला कोणीतरी उभं करून ठेवावं लागतं. त्या दाराशी बेबीने कोणाला उभंच केलं नव्हतं. मग ॲप आपल्या हातात बघायचं, हातात पहिल्या दिवशीचाच फोटो असायचा, तोच पुन्हा पाठवायचं आणि वर हिरवी खूण दाखवायचं. बेबीच्या फोनवर हे कधी घडलं नाही, कारण तिचं ॲप सारखं बंद होऊन उघडत होतं. बहुतेक लोकांच्या फोनवरही फारसं घडलं नसतं, कारण लोक काम झालं की ॲप बंद करतात. आईने केलं नव्हतं. तिला तसं बजावलं होतं.

बेबीने पहिला फोन आईला लावला. म्हणाली, बाबांना घेऊन आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा, गाडी मी इथून बोलावते, कपडे वगैरे काही शोधत बसू नकोस. आईने एकही प्रश्न विचारला नाही. दुसरा फोन सिस्टरला. सिस्टर एवढंच म्हणाली की शेअर करून पाठवणाऱ्या सगळ्यांची नावं मला दे, मी एकेकाला बोलावून घेते. तिने खरोखर त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना गाठलं. आणखी दोघांचे जुनेच फोटो येत होते, पण नशिबाने त्यांच्या जखमा भरत आल्या होत्या.

तिसरं काम साहेबांचं. बेबीने बॅग उचलता उचलताच त्यांना चूक सांगितली आणि मी निघाले म्हणाली. साहेबांचा चेहरा उतरला. किती मोठी चूक आहे, त्यांनी विचारलं.

"छोटीशीच आहे," बेबी म्हणाली.

आणि ती होतीही छोटीशीच. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून तिने दुसऱ्या दाराशी माणूस उभा केला. चारसहा ओळींचं काम. यावेळी ॲप बंद न करता तिने एकामागून एक फोटो शेअर केले: पुढच्या सीटची पाठ, खिडकीची काच, स्वतःचा गुडघा. सगळे वेगवेगळे पोचले. शेजारच्या बाईला वाटलं असेल, हिला वेड लागलंय. बेबीला रडू येत होतं, पण तेही अर्ध्यावर थांबत होतं, इतकी ती दमली होती.

ती पोचेपर्यंत बाबांना आत नेलं होतं. ऑपरेशन आटोपून बाहेर आलेले सर्जन कमी बोलणारे होते. पाऊल वाचेल, ते म्हणाले. करंगळी आणि तिच्या मागचं हाड काढावं लागलं. अजून थोडं थांबला असता तर घोट्यापर्यंतची गोष्ट होती. बेबीने दोन्ही ऐकलं, वाचलं तेही आणि गेलं तेही, आणि मान डोलावली.

बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पांघरुणाखाली पाय हलवून बघितला. मग बेबीकडे बघून म्हणाले, "मशीनला चवडा लागतो. करंगळी नुसती बसून खात होती." एवढं बोलून ते पुन्हा झोपले. सर्जनने अजून त्यांना सांगितलं नव्हतं की पॅडलवर पाय आता बरेच महिने ठेवायचा नाही, कदाचित कधीच नाही. ते सांगायचं काम बेबीकडे येणार होतं, हे तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या. आईच्या मांडीवर तिची कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेल्या चिंध्या. घाईतही त्या तेवढ्या तिने घेतल्या होत्या. बेबीने तिला सगळं सांगितलं. दोन दारांचं सांगितलं, हातात राहिलेल्या फोटोचं सांगितलं, ॲप बंद करू नको असं मीच म्हटलं होतं हेही सांगितलं. तुझं काही चुकलं नाही, सिस्टरचंही नाही, चूक माझ्या कामात होती, असं ती म्हणाली. हे सगळं ती बसमध्ये घोकून आली होती, त्यामुळे न अडखळता बोलली. बोलून झाल्यावर तिला थोडं हलकं वाटलं.

आई नीट ऐकत होती. तिने पिशवीचे बंद सरळ केले.

"म्हणजे सिस्टरकडे फोटो पोचलेच नाहीत."

"नाही, आई."

"पण तुझ्याकडे पोचत होते ना?"

आईच्या आवाजात राग नव्हता. गणित जुळत नाही म्हणून माणूस विचारतो तसं तिने विचारलं होतं.

"पोचत होते," ती म्हणाली. "मी उघडत नव्हते. न उघडताच छान लिहायचे."

आई म्हणाली, "मला वाटलं, सिस्टर बरं म्हणते, बेबी छान म्हणते, म्हणजे माझेच डोळे गेलेत. मला दिसत होतं गं. तुम्ही दोघी म्हणालात म्हणून मी गप्प बसले."

बेबीने आईचा हात धरायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तेवढ्यात वॉर्डमधली नर्स दारात आली. ड्रेसिंग बदलायचं होतं, घरी गेल्यावर कोण करणार आहे त्याने आत येऊन बघून घ्यावं, असं ती म्हणाली. सवयीने आई उठायला लागली. पिशवी सावरली, अर्धी उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

"या वेळी तू जा," ती बेबीला म्हणाली. "मी रोज बघितलंय."

तिने पिशवीतून एक चिंधी काढली, झटकली आणि लेकीच्या हातात दिली. बेबी ती घेऊन आत गेली. नर्स पट्टी सोडत होती. बाबांनी बेबीला बघितलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं, बघू नकोस म्हणाले. बेबीने चिंधी पायाखाली सरळ पसरली आणि शेवटचा कापूस निघेपर्यंत बघत राहिली.